आखाड्याला वस्ताद हवा

वाचकहो, हिंगोलीहून नांदेडकडे निघालेली एसटी कळमनुरी ओलांडते आणि पुढे आखाडा बाळापूर लागते. हळद आणि सोयाबीन पिकवणाऱ्या खेड्यांच्या मधले हे बाजारपेठेचे गाव. गावाच्या नावातच ‘आखाडा’ हा शब्द आहे, आणि आखाडा म्हणजे काय हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मातीला हात लावून कपाळी लावायचा आणि मगच आत उतरायचे. वस्ताद सांगेल तेवढे जोर मारायचे, तो लावून देईल त्याच जोडीशी लढायचे आणि त्याने ‘बस्स’ म्हटले की अंगावरची माती झटकून घरी जायचे. आखाड्यात लढणे जितके शिकवले जाते, तितकेच थांबणेही शिकवले जाते.

आता आज संध्याकाळी आपल्याच घरात नजर फिरवून पाहा. ओसरीवर किंवा बाजेवर कोणीतरी मान खाली घालून बसलेले असेल. दोन्ही अंगठे काचेवर भरभर फिरत असतील. स्वयंपाकघरातून आई जेवायला हाक मारते आणि उत्तर येते, ‘आलो, एवढी मॅच संपू दे.’ पंधरा मिनिटांनी पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. ते मूलही एका आखाड्यातच उतरलेले आहे. मात्र त्या आखाड्याला वस्ताद नाही.

ही काळजी केवळ मोठ्या शहरांची नाही. १६ मार्च २०१९ च्या संध्याकाळी हिंगोली शहराच्या खटकाळी बाह्यवळणाजवळ रेल्वेमार्गावर दोन तरुण हैदराबाद-अजमेर गाडीखाली सापडून मरण पावले. दोघेही विशीतले होते. ते मोबाइलवर पबजी खेळण्यात गुंतले होते आणि गाडी आल्याचे त्यांच्या ध्यानात आले नाही, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. त्या दोन घरांच्या दुःखाचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु एक प्रश्न स्वतःला विचारणे आपल्या हाती आहे. धडधडत येणारी आगगाडीही जाणवू नये, एवढी पकड एखाद्या खेळात आली कोठून?

‘आजकालची मुलेच तशी’ हे या प्रश्नाचे सोपे उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. खरे उत्तर या खेळांच्या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास एका साध्या सूत्राने वाचता येतो: खेळ बनवणाऱ्याला पैसा जेथून मिळतो, त्यावर खेळ कधी संपणार हे ठरते.

नाण्याचा काळ

आरंभी या खेळांत पैसा नव्हताच. १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्यांचे मन रमावे म्हणून एका उपकरणाच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी मोठ्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला. दोन्ही खेळ हौसेपोटी जन्मले.

१९७२ मध्ये अटारी या कंपनीने ‘पाँग’ आणला आणि चित्र पालटले. खेळ आता नाणे टाकून खेळायचा होता. कॅलिफोर्नियातील एका मद्यालयात ठेवलेले पहिले यंत्र काही दिवसांतच बंद पडले. ते तयार करणारे अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीला गेले, तेव्हा बिघाड यंत्रात नव्हता. नाण्यांचे खोके भरून ओसंडत होते, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यानंतर जपानमधून १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ आले आणि नाण्याच्या यंत्रांनी जग व्यापले. भारतात हीच यंत्रे मोठ्या शहरांच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आणि पुढे लहान गावांच्या बाजारपेठांत आणि जत्रांत पोहोचली. आपल्यापैकी अनेकांनी खिशातील एक-दोन रुपये मोजून त्या यंत्रांपुढे रांग लावली असेल.

या यंत्रांचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. खेळाडू लवकर हरला तरच पुढचे नाणे पडणार. म्हणून ते खेळ पाहता पाहता कठीण होत आणि काही मिनिटांत संपत. नाणी संपली की मूल घरी येई. पाठीमागे उभे असलेले मूल ‘आता माझा नंबर’ म्हणे. रात्री दुकानाचे शटर खाली येई. खेळाला कुंपण होते आणि ते घालण्याचे श्रम आई-वडिलांना पडत नव्हते.

टीव्हीपासून सायबर कॅफेपर्यंत

१९८३ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे घरातील टीव्हीला जोडायचे यंत्र आणले आणि १९८५ मध्ये त्यावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवतरला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात या यंत्राचे देशी अवतार ‘सामुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी घराघरांत आले. कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारणारी पिढी आज स्वतः आई-बाबा झाली आहे.

येथे कंपनीला पैसा एकदाच मिळे, कॅसेट विकली जाई तेव्हा. त्यानंतर मुलाने ती दहा तास खेळली काय आणि शंभर तास खेळली काय, कंपनीच्या गल्ल्यात भर पडत नव्हती. म्हणून त्या खेळांना कथा होती आणि कथेला शेवट होता. मारिओने राजकन्येला सोडवले की खेळ संपला. शिवाय घरात टीव्ही एकच. आजोबांच्या बातम्या सुरू झाल्या की मारिओला माघार घ्यावी लागे. उरलेसुरले काम भारनियमन करी.

१५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि पुढील दशकभरात गावोगावी सायबर कॅफे उघडले. तेथे मुले ‘रोड रॅश’ची दुचाकी पळवू लागली आणि ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये गट करून लढू लागली. ज्याला आज आपण गेमिंगची संस्कृती म्हणतो, तिचे आपल्याकडील बीज या खोल्यांत रुजले. स्वतःची भाषा, टोपणनावे, गावातला ‘नंबर एक’ कोण याची चर्चा, सारे तेथे घडले. पण प्रतिस्पर्धी शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असे. हरल्यावर त्याचा चेहरा दिसे. पैसे तासाच्या हिशेबाने मोजावे लागत आणि तास भरला की कॅफेचा मालक आठवण करून देई. तोही एक प्रकारचा वस्तादच होता.

कुंपण कसे नाहीसे झाले

१९९७ मध्ये नोकियाच्या फोनवर ‘स्नेक’ हा सापाचा खेळ आला. फिनलंडच्या तानेली आर्मांटो या अभियंत्याने रचलेला तो खेळ बसमध्ये, बांधावर, कोठेही खेळता येई. खेळ खिशात आला. तरी साप स्वतःला धडकला की संपत असे, आणि पुन्हा खेळल्याने नोकियाला काही मिळत नसे.

खरा बदल घडला तो ५ सप्टेंबर २०१६ नंतर. जिओच्या आगमनाने डेटा एकाएकी स्वस्त झाला. महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारे घर आता रोज तेवढा डेटा संपवू लागले. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने आपणच मुलांच्या हाती फोन दिला. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. पुढील वर्षी तोच खेळ भारतासाठी वेगळ्या नावाने परतला. मुलांनी या काळात एक धडा घेतला: एक खेळ गेला तर दुसरा येतो. हा धडा आपणही घ्यायला हवा. एका खेळाचे नाव घेऊन त्याच्यावर राग काढल्याने प्रश्न सुटत नाही.

हे खेळ फुकट असतात, आणि तेथेच सारी मेख आहे. फुकट खेळाचे पोट दोन वाटांनी भरते. एक, मधूनमधून दिसणाऱ्या जाहिराती. दुसरी, खेळाच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तू: पोशाख, शस्त्रांची सजावट, ‘सीझन’चा पास, आत काय निघेल ठाऊक नसलेली पेटी. दोन्ही वाटांसाठी मुलाने आत राहणे आवश्यक असते. नाण्याच्या यंत्राला मूल लवकर हरायला हवे होते. फोनवरील खेळाला ते बाहेर पडायला नको आहे. म्हणून रोज हजेरी लावल्यास बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. म्हणून ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या कामगिऱ्या. म्हणून ‘तुझे मित्र वाट पाहत आहेत’ असा रात्री दहाला येणारा निरोप.

आपल्याकडील जुना मोक्षपट आठवा. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानदेवांना देते. त्यांचे सखे नामदेव यांचे नाव ज्या नरसीशी जोडलेले आहे, ते गाव तर हिंगोली जिल्ह्यातलेच. त्या पटावर साप होते, शिड्या होत्या आणि एक शेवटचे घर होते. तेथे पोहोचले की पट उचलून ठेवायचा. आजच्या खेळातून ते शेवटचे घरच काढून टाकलेले आहे.

शरीर आणि मन

बक्षीस नक्की केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, की माणूस प्रयत्न सोडत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरे आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून हे दाखवून दिले होते. दर वेळी दाणा मिळणाऱ्या प्राण्यापेक्षा अधूनमधून, अनपेक्षितपणे दाणा मिळणारा प्राणी कळ अधिक चिवटपणे दाबत राहतो. मेंदूतील डोपामिन हे रसायन बक्षिसाच्या नुसत्या अपेक्षेनेही स्रवते. किशोरवयात आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून घडत असतो. म्हणजे ‘थांब’ म्हणणारे मन अपुरे वाढलेले आणि ‘अजून एकदा’ म्हणायला लावणारी यंत्रणा निष्णात माणसांनी घडवलेली. ही जोड बरोबरीची नाही. कोणताही वस्ताद अशी कुस्ती लावणार नाही.

शरीरावर पहिला घाव बसतो तो झोपेवर. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. अंथरुणात खेळलेली शेवटची मॅच मनाला लढाईच्या तयारीत ठेवून जाते आणि झोप दूर पळते. दुसऱ्या दिवशी चिडचिड, वर्गात डुलकी, गणितात चूक. आपण याला आळस म्हणतो. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. मान, मनगट आणि अंगठे दुखू लागतात. याउलट, दिवसाउजेडी मोकळ्यावर घालवलेला वेळ मुलांमध्ये जवळचे दिसून दूरचे अंधुक दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी करतो. मैदानावर जाण्याचे हे एक कारण फारसे कोणी सांगत नाही.

मग खेळणारे प्रत्येक मूल आजारी असते का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत नोंदवला. ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. त्यात तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे. खेळाला जेवण, अभ्यास, मित्र या साऱ्यांहून वरचे स्थान मिळणे. आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. हे सारे साधारणतः बारा महिने टिकले आणि त्याने घर, शाळा, नातेसंबंध यांची घडी विसकटली, तरच डॉक्टर विकाराचे निदान करतात. लक्षणे तीव्र असतील तर एवढी वाट पाहत नाहीत. सुटीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणून हिणवणे हे निदानही नव्हे आणि उपचारही नव्हे.

दुसरी बाजूही पाहा

या संस्कृतीचा नुसता तिरस्कार करणे अन्यायाचे होईल. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार होता. त्यात भारताच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत तो अधिकृत पदकांचा प्रकार ठरला. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातील काही नामवंत गेमरांशी संवाद साधला, त्यांत मिथिलेश पाटणकर हा मराठी तरुणही होता. ‘रिअल क्रिकेट’ हा लोकप्रिय खेळ भारतात बनतो. खेळ बनवण्यासाठी गणित, चित्रकला, संगीत, कथा हे सारे लागते.

मात्र मुलाने ‘मी यातच करिअर करीन’ म्हटले, तर त्याला हसू नका आणि लगेच मान डोलवूही नका. खेळणे आणि खेळ बनवणे यांत जत्रेतली कुस्ती पाहणे आणि लढणे यांइतके अंतर आहे, हे त्याला समजावून द्या. ‘स्क्रॅच’ या विनामूल्य साधनावर लहान मुलेही स्वतःचा साधा खेळ रचू शकतात. त्याला एक खेळ रचून दाखवायला सांगा. आवड खरी असेल तर ती तेथे दिसेल.

पैसे लावून खेळायचे खेळ मात्र वेगळ्या रांगेत ठेवा. रमीसारखे पत्ते असोत वा क्रिकेट संघांवर लावलेला पैसा, किती तरी घरांनी यात पैसे गमावलेले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर करून असे खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्यातून वगळले. तरीही चोरवाटेने कोणी पैसे उकळले, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवा. लाजेपोटी गमावलेला एक दिवसही महाग पडतो.

वस्ताद आपण व्हायचे

जुनी कुंपणे आता परत येणार नाहीत. नाणे गेले, दुकानाचे शटर गेले, कॅफेचा मालक गेला. ते काम आता घराकडे आले आहे, आणि ते ओरडण्याने होत नाही. कुस्ती न कळणारा माणूस वस्ताद होऊ शकत नाही. म्हणून पहिली पायरी अशी, की एका रविवारी मुलाशेजारी बसा आणि त्याचा खेळ पूर्ण पाहा. ‘हा कसा जिंकतात? किती वेळ चालतो? मध्येच थांबवता येतो का?’ असे विचारा. आपल्याला कळेल, की पबजीसारख्या खेळात शंभर जण उतरतात, एक फेरी अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती मध्ये थांबवता येत नाही. ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हटल्यावर मूल का भडकते याचे एक कारण येथे सापडेल: त्याला सोबत्यांना लढाईत सोडून यावे लागते.

त्यामुळे मिनिटे मोजू नका, फेऱ्या मोजा. आठला जेवण असेल तर साडेसातनंतर नवी फेरी सुरू करायची नाही, असे आधी ठरवा. दिवसाच्या फेऱ्या किती, हे मुलाशी बोलूनच ठरवा. ठरले की दोघांनीही पाळा.

रात्री घरातील सारे फोन एकाच फळीवर झोपू द्या. बाबांचाही आणि आईचाही. स्वतः अंथरुणात रील पाहणाऱ्या वस्तादाचे कोणी ऐकत नाही.

फोनमधील सूचना बंद करा. पैसे भरण्याचा पिन मुलांना देऊ नका आणि खेळातील खरेदीला कुलूप लावा. ऑनलाइन खेळताना कानातल्या हेडफोनवर कोण बोलते, याची चौकशी ठेवा. दहा वर्षांच्या मुलाची जोड तेथे तिशीतल्या अनोळखी माणसाशीही लागू शकते.

एक नियम मात्र वाटाघाटीचा नाही: रस्त्यावर, गाडीवर, रेल्वेमार्गाजवळ, विहिरीच्या काठाशी खेळ नाही. तो पहिल्या दिवशीच सांगा आणि कारणही सांगा. हिंगोली दूर नाही.

हळद काढण्या-शिजवण्याच्या दिवसांत आई-वडील दिवसभर रानात असतात आणि फोनच मुलांना सांभाळतो, हे वास्तव आहे. अशा दिवसांत शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून ठरवले, तर एकाच्या आजोबांच्या देखरेखीखाली सगळी मुले शाळेच्या मैदानावर जाऊ शकतात. कबड्डीला साहित्य लागत नाही. फोन काढून घेतल्यावर रिकामा राहिलेला वेळ आपण कशाने भरतो, यावरच सारे यश अवलंबून आहे.

एवढे करूनही मूल जेवण-झोप सोडत असेल, फोन मागितला की हिंसक होत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची सेवा असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र चालवले आहे. हा विकार बरा होतो, पण फोन फोडून किंवा मुलाला मारून नव्हे.

वाचकहो, आखाड्यात नवशिक्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी मोठा डाव शिकवत नाही. तो आधी त्याच्याबरोबर मातीत उतरतो. आज जेवणाआधी हाक मारण्याऐवजी मुलाजवळ जाऊन बसा आणि विचारा, ‘तुझी एक मॅच किती वेळाची असते रे?’ तो उत्तर देईल. तेथून बोलणे सुरू होईल.